दुसऱ्या पोर्टवरची तार

अर्धांगवायूने बायकोची वाचा गेली आणि हातापायांपैकी फक्त डावा हात हलता राहिला, तेव्हा त्याने तिच्या उशाशी एक बटण बसवलं. त्याची तार बाहेरच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरच्या मागे तारा खोचायचे दोन सिरियल पोर्ट होते, त्यांतल्या पहिल्याला जोडली. प्रोग्रामही त्यानेच लिहिला. कोणता पोर्ट वाचायचा त्याचा पत्ता त्यात लिहिलेला होता; तो पोर्ट प्रोग्राम सतत वाचत राहायचा आणि बटण दाबलं की बीप वाजवायचा. पहिल्या दिवशी तिने गंमत म्हणून त्याला उगाचच चार वेळा पळवलं होतं.

एका सकाळी दुरुस्तीला आलेला गिऱ्हाइकाचा वजनकाटा पहिल्या पोर्टला जोडून तपासायला त्याने बटणाची तार काढून दुसऱ्या पोर्टला लावली. काम आटोपल्यावर बीपचा प्रोग्राम पुन्हा सुरू केला, पण त्यातला पत्ता बदलायचं राहून गेलं. प्रोग्राम पहिलाच पोर्ट वाचत बसला. आज ती शांत झोपलीय, असं समजून तो पेपर वाचत बसला.

दुपारी मेहुणी आली आणि आतून ओरडली, "भाऊजी, ताई केव्हाची बटण दाबतेय! ऐकू येत नाही का तुम्हाला?"

चादर ओली झाली होती. बटणावरचा अंगठा लाल झाला होता.

"अगं, चुकलं माझं," तो म्हणाला. बायकोने तोंड भिंतीकडे वळवलं.

पत्ता दुरुस्त करायला त्याला मिनिटभरही लागलं नाही. "आता दाबून बघ ना," तो म्हणाला. तिने हात पांघरुणाखाली घेतला.

त्यानंतर ती तीन महिने जगली. बटण तिने एकदाही दाबलं नाही. त्याने आपली खुर्ची तिच्या पलंगाशी आणली. तिला काय हवंय ते तो तिच्या डोळ्यांत बघून ओळखू लागला. कधी ओळखता यायचं, कधी नाही.