दाखवायचा थर्मास

मी थर्मास आहे, पण दुकानात मिळतो त्या जातीचा नाही. मी नमुना. समुद्रापलीकडच्या कारखान्यात एका कारागिराने मला हाताने घासूनपुसून घडवलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. हजारोंनी निघायच्या मालातल्या एकाचे इतके लाड कोण करतं?

माझ्याबरोबर एक जुळा भाऊही घडला. रिवाज असा, की दोन्ही नमुन्यांच्या बुडावर कारखाना सही करतो; एक गिऱ्हाइकाकडे जातो, दुसरा कारखान्यात राहतो आणि पुढचा सगळा माल त्यांच्यासारखा काढायचा. मी आलो ताई आणि तिच्या धाकट्या भावाच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात. बुडावर या दोघांच्याही सह्या झाल्या, वर 'मंजूर'ची चिठ्ठी; आणि त्या दिवसापासून माझ्यात कुणी चहा ओतला नाही. मान वाढला की काम सुटतं, हे माणसांतही पाहतो.

पुढे कारखान्याने 'पहिल्या मालातला' म्हणून एक थर्मास पाठवला. खोकं उघडताच मी ओळखलं. हा तर माझा जुळा! बुडावरची कारखान्याची सही तेवढी पुसलेली. ओरडावंसं वाटलं, पण तोंडाला झाकण.

धाकटा हरखला. "ताई, सेम टू सेम! सांगू त्यांना, होऊ दे सुरू म्हणून?"

ताईने आम्हा दोघांना काट्यावर ठेवलं. "वजनातसुद्धा गुंजभर फरक नाही."

"मग झालं तर!"

"झालं काय, कपाळ? यंत्रातून निघालेले दोन चमचेही इतके सारखे नसतात. नाव आपलं छापायचंय त्यावर. लोकांच्या बॅगेत गळला, तर पुन्हा दारात कोण उभं करेल आपल्याला?"

"तुला दुधातही पाणी दिसतं."

"असतं म्हणून दिसतं. पाठवलेला नको म्हणावं. थोडा माल काढा, आपला माणूस येऊन ढिगातला उचलेल."

माणूस गेला, उचलून आणला. रंग तोच, रूप तेच; झाकणातला वायसर मात्र कागदासारखा. तरी धाकट्याने हट्टाने त्यात चहा भरून तो स्वतःच्या बॅगेत आडवा ठेवला. घरी पोचेपर्यंत सगळा चहा बॅगेनेच पिऊन टाकला होता.

माल थांबला. कारखान्याने दिलगिरी कळवली. चूक पॅकिंगवाल्याची निघाली. ती नेहमी त्याचीच निघते. नवे वायसर बसेपर्यंत ताई 'हो' म्हणणार नाही.

आम्ही जुळे आता एकाच कपाटात बसतो. आम्ही खोटे नाही हो, अगदी अस्सल आहोत. फसवायला अस्सलच लागतं. म्हणून हात जोडून सांगतो, आमच्यावर भाळू नका.