चौथ्या नळीच्या चिंध्या

संस्थान विलीन झालं, धारच्या सिलेखान्यावर, म्हणजे शस्त्रागारावर, नवं सरकार बसलं. तात्यांचा संशय मात्र जुन्याच नोकरीवर कायम राहिला. सिलेखान्याचे ते कारकून. पेन्शनीला चार महिने उरलेले, आणि एक काडतूस जरी कमी भरलं तरी ती अडायची.

अशात गणोजी मिस्त्रीनं चाळीस मागितली!

"चार रायफलींना नव्या नळ्या बसवल्यात. एक गोळी झाडायची, नळी पुसायची, मग दुसरी. दहा-दहा झाल्या की नळी वळणावर येते, नव्या सुनेसारखी."

"आणि अमझेऱ्याची डुकरं कशानं मरतात, भिया?" गणोजीचा शिकारी मेव्हणा अमझेऱ्याचा, हे तात्यांना पाठ होतं.

"म्हातारपणानं," गणोजी म्हणाला.

काडतुसं दिली, पण तात्या चांदमारीच्या मैदानावर बाभळीआड जाऊन बसले. प्रत्येक बाराला एक चिंचोका या खिशातून त्या खिशात. चौथ्या रायफलीचे दोनच बार झाले आणि गणोजी आवराआवर करू लागला.

तात्या झाडाआडून उठले. "बत्तीस! आठ कुठं?"

गणोजीनं आठही काडतुसं निमूट पुढ्यात ठेवली. तात्यांचा चेहरा उतरला. चोर हाती लागता लागता निसटला.

"आता या चिंध्या बघा. नवी नळी गोळीचं तांबं खरवडते, तांबं उतरवायच्या औषधानं पुसली की चिंधी निळी होते. तिघींच्या पहिल्या चिंध्या गर्द निळ्या. चौथीची बघा."

"पांढरी! मग चांगलीच की नळी."

"चांगली कसली? वापरून आधीच गुळगुळीत झालेली आहे, तांबं खरवडणार कुठून? वरून रंग देऊन पेटीत घातलीय. नळ्या आल्या तेव्हा पेटी उघडून 'चारही नव्या' अशी सही कुणाची?"

सही तात्यांची. पेटी न उघडता केलेली.

'यानंच बदलली नसेल ना?' तात्यांनी गणोजीकडे पाहिलं. गणोजीही त्यांच्याकडे तस्सेच डोळे लावून होता.

काडतुसं परत जमा केली तर वरचे साहेब विचारणार, का उरली?

"झाडून टाक आठही," तात्या हळूच म्हणाले.

"तुमचा हुकूम?"

"हुकूम समज."

आठ बार झाले. शेवटचा होताच तात्यांनी चौथ्या नळीच्या चिंध्यांसाठी हात पुढे केला. "आण इकडे. जाळून टाकू."

गणोजीनं त्या नीट घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या.

"असू द्या माझ्यापाशी. तुमची पेन्शन होईपर्यंत जपतो."