गबाळ्याचा पट्टा

किण्ण!

आठ दिवस गप्प असलेल्या घरात माझा बिल्ला वाजला. वाऱ्याने दार आपटलं होतं, एवढंच. पण आतल्या खोलीतून "गबाळ्या आला!" म्हणत घरातली धाकटी लेक धावत आली. मी खिळ्यावर रिकामा लटकत होतो. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तशीच परत गेली.

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. चामड्याचा, पितळी बकलाचा. एका म्हाताऱ्या कारागिराने मला कापलं, भोकं पाडली, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलं. "दहा वर्षं हू की चू करणार नाही," असं तो म्हणाला होता. मी अकरा वर्षं टिकलो.

ज्या गळ्यात मी होतो, तो गबाळ्याचा, आमच्या घरच्या कुत्र्याचा. हा झिपऱ्या डोळ्यांवर घेऊन दारात बसायचा, नि येणारे-जाणारे म्हणायचे, "काय रुबाब आहे!" मग मीही उगाच ताठायचो. पुढे घरात धाकटी आली. मला तेल लावायला आणि गबाळ्याला विंचरायला आईला वेळ उरेना. मी कडक झालो, त्याच्या केसांच्या गाठी झाल्या. आम्ही दोघांनीही तक्रार केली नाही.

गळ्याशी राहणाऱ्याला नाडी कळते, मित्रांनो. गेल्या वर्षी त्याची नाडी अडखळू लागली. एकदा कडक उन्हात तो चालता चालता आडवाच झाला. डॉक्टर म्हणाले, "हृदय थकलंय. गरम हवा नको, फार वेळ उभं करू नका. कुणाच्याही हाती द्याल, तेव्हा हे आधी सांगा." आईने मान डोलावली.

मग गाठींना वास येऊ लागला. बाबा वैतागले. "एकतर त्याला साफ करून आण, नाहीतर गच्चीत बांध." गच्चीत, या वयात! आईने कुत्र्यांचे केस कापणाऱ्या दोघांना फोन केले. हृदयाचं नाव काढताच दोघांनीही हात झटकले.

तिसरं दुकान एका मावशींचं होतं. भिंतीवर ओळीने कात्र्या, टेबलावर रबरी चटई. मावशींनी कागद पुढे ओढला.

"चावतो का हो?"

"छे! नाकावरची माशीसुद्धा उडवत नाही."

"आमच्या ह्यांच्यासारखाच म्हणायचा!" मावशी हसल्या. "आणि काही दुखणं-बिखणं?"

आईचा हात माझ्यावर होता. तिची बोटं घट्ट झाली.

"नाही. वय झालंय, इतकंच."

मावशींनी त्या रकान्यात रेघ मारली. मला सोडवून हुकाला अडकवलं. आई दोन तासांनी येते म्हणून गेली.

मावशींचा हात मायेचा होता. एकेक गाठ सोडवताना त्या "झालंच हं राजा" म्हणत होत्या. पण त्यात तास गेला, आणि गबाळ्या तेवढा वेळ उभाच होता. अंघोळीनंतर त्यांनी केस वाळवायचं मशीन लावलं. तो धापा टाकू लागला. "आवाजाला घाबरतोस होय?" असं म्हणत, लवकर उरकावं म्हणून त्यांनी गरम हवा आणखी जवळ आणली. मी समोर लटकत होतो. मला सगळं ठाऊक होतं, पण जीभ नव्हती. त्याचे पुढचे पाय दुमडले.

आई आली, तेव्हा मावशी जमिनीवर बसून त्याच्या छातीवर ओला टॉवेल धरून होत्या. आईने सगळं सांगितलं, आता सांगितलं. मावशींनी आता हलत नसलेल्या त्या छातीवरून टॉवेल उचलला.

"पंख्याखाली वाळवलं असतं हो," त्या म्हणाल्या. "बसवून, दोन दिवसांत थोडं थोडं केलं असतं. मी नाही म्हटलं नसतं, ताई."

मित्रांनो, तुमच्या मुक्या सोबत्याला कुणाच्या हाती सोपवाल, तेव्हा त्याचा दुखरा पाय, त्याची भीती, त्याचं औषध, सगळं सांगा. विचारलं नाही तरी सांगा. समोरचा नको म्हणाला तर म्हणू दे. सोबत्याला घेऊन घरी या.

आज आईने मला खिळ्यावरून काढलं आणि किती वर्षांनी तेल लावायला बसली. धाकटी तिच्या मांडीला टेकली.

"आई, गबाळ्या आजारी होता म्हणून गेला ना?"

"हो गं, सोन्या."

धाकटीने थोडा विचार केला.

"मग मावशींना तू सांगितलं होतंस ना?"