गिट्टीवरची जोडी

चंदानं माझा वाघ चोरला असं म्हटलं तर लोक हसतील. हसू द्या. सिंदेवाहीत सध्या तसंही मला हसणं चालूच आहे.

माझं बांगड्यांचं दुकान आहे. चंदा शेजारच्या गावची, धानाची शेती करणारी, माझी शाळेपासूनची मैत्रीण. मोहफुलं वेचायच्या दिवसांत गावातल्या बाया तिच्या मागून जंगलात जातात, कारण चंदा कशाला भीत नाही असं सगळे धरून चालतात. मीही धरून चालत होते. दिवाळीनंतर अश्वजित सरांच्या सायकल क्लबनं जाहीर केलं, सिंदेवाही ते कुरखेडा राइड, जंगलातून, गिट्टीच्या रस्त्यांनी. गिट्टी पसरून डांबर टाकायचं राहून गेलंय असे रस्ते त्यांनी हुडकून काढले होते. हौशी माणसांची हाडं खिळखिळी करायची ही नवी तऱ्हा. वाघाचा मुलूख, म्हणून जोडीनंच जायचं, एकट्याला परवानगी नाही.

कुरखेडा माझं माहेर. आजवर तिथे गेले ती एसटीनं, नाहीतर माझे मिस्टर नईम यांच्या गाडीवर मागे बसून. पोचायची वेळसुद्धा कधी माझ्या हातात नव्हती. मी अम्मीला फोन केला, यंदा सायकलनं येते. ती म्हणाली, मग मी दारात खुर्ची टाकून बसते. मला ते माहेरच्या दारात आपल्या पायांनी पोचणं हवं होतं, दुसरं काही नाही.

चंदा लगेच तयार झाली. आम्ही पहाटेच कालव्याच्या रस्त्यावर सरावाला जायचो. गिट्टीवर हँडल आवळून धरलं की खांदे भरून येतात आणि बोलत बसलं की जीभ चावली जाते, एवढं पहिल्याच आठवड्यात समजलं. मी बांगड्या घरी काढून ठेवायची. चंदा काढायची नाही, सासू ओरडते म्हणायची. मग हातावर फडकं गुंडाळून यायची, तरी रोज एखादी फुटायचीच, आणि मी दुकानात बसवून तिच्या हातात दुसरी भरायची. ते दिवस फार चांगले होते, हे आता कबूल करतानाही राग येतो.

थंडीत एकदा वळणावर वाघ बसलेला दिसला. चंदानं सायकल टाकली आणि पळायलाच निघाली. मी तिचा पदर धरून ओढला, माझी सायकल आडवी धरली आणि म्हटलं, "पाठ दाखवू नको, माह्या मागं ये." एकेक पाऊल मागे घेत आम्ही सरकलो. वाघानं आमच्याकडे पाहिलं आणि बांबूत निघून गेला. भीती मलाही वाटली होती, पण ती घरी आल्यावर. चंदा तिथेच बसून रडली.

"मी पळत होतो हे कोणाले सांगू नको, जरीना. बाया मह्या मागं येनार नाईत. घरचे वावरात जाऊ देनार नाईत."

मी शपथ घेतली. नईमलाही बोलले नाही.

राइडच्या आधी क्लबची बैठक झाली. सरांनी विचारलं, वाघ कोणाला आडवा आलाय का? चंदा उठली आणि सगळं सांगितलं. वळण, बांबू, आडवी धरलेली सायकल, सगळं जसंच्या तसं. फक्त पळणारी मी, आणि पदर धरणारी ती. मी ओढणी घेते, पदर माझ्याकडे नसतोच, हेही कोणाच्या डोक्यात आलं नाही. मी तिच्याकडे बघत होते, ही आता हसेल आणि म्हणेल, गंमत केली. ती खाली बसली आणि टाळ्या पडल्या.

सर म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. एक जण पळाला तर दोघांचाही जीव जातो." चंदासोबत क्लबमधली दिव्यानी लावून दिली. माझं नाव कापलं. चंदा उठून दिव्यानीशेजारी जाऊन बसली.

घरी येऊन मी नईमला खरं सांगितलं. ते भले माणूस आहेत. हळूच म्हणाले, "मग तवाच काऊन नाई सांगितलं?" गुपित मी इतकं चोख सांभाळलं होतं की खरं ते आता बहाण्यासारखं वाटत होतं. साक्षीदार म्हणावा तर वाघ.

राइडच्या आदल्या दिवशी चंदा दुकानात आली. बांगड्या बघत उभी राहिली.

"असं काऊन केलं?" मी विचारलं.

"तू सांगशील असं वाटे."

"मी शपथ घेतली होती."

"म्हनून त जास्त वाटे. रोज सायकलवर तुह्या मागं राहो आन् मनात हेच, आज सांगते का उद्या सांगते. झोप नोती लागत. मंग मीच आधी सांगून टाकलं."

म्हणजे पहाटे पहाटे आम्ही हसत होतो, मी तिच्या हातात बांगड्या भरत होते, तेव्हाही ती मला चुगलखोर समजत होती. राइड गेली त्याचं दुःख मी गिळलं असतं. हे गिळता येईना.

"आता सांगू सगळ्याईले?"

"सांग," ती म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, दिसत होतं. "पन आता कोन मानन?"

ती गेल्यावर मी अम्मीला फोन लावला. येत नाही म्हटलं. का, तिनं विचारलं. नईमनं ज्यावर विश्वास ठेवला नव्हता ते आता अम्मीलाही सांगून बघावं, एवढी हिंमत माझ्यात उरली नव्हती.

"वाघाची भीती वाटली," मी म्हटलं.

अम्मी म्हणाली, बरं केलंस बेटा, तू लहानपणापासून भित्रीच.