पट्टीखालचे नाव

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. साधासुधा नव्हे हं, दोन तोंडांचा. दोघे जण समोरासमोर बसून माझ्यातून एकच गोष्ट एकाच वेळी पाहू शकतात. आता माझ्यावर पिवळी पडलेली प्लॅस्टिकची टोपी असते आणि शेजारचा कॅमेरेवाला नवा माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. असो, नव्याचे नऊ दिवस.

कारखान्यात माझी भिंगे घासून बसवली आणि मी थेट एका प्रयोगशाळेत आलो. तिथे यकृताच्या आजारांवर संशोधन चाले. ते करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सगळे नुसते 'बाई' म्हणत. रुग्णाच्या यकृताचा सुईने काढलेला कण रंगवून काचेवर येई आणि बाई ती काच माझ्याखाली सरकवत. चरबीचे थेंब पांढरे दिसत, व्रणाचे धागे निळे. यकृत फार सोशिक, मित्रांनो. पुष्कळ बिघडले तरी ब्र काढत नाही.

बाईंचा नियम होता, काचेवरचे नाव चिकटपट्टीने झाकायचे. म्हणजे पाहणाऱ्याचे मन कोणाकडे झुकत नाही. नियम चांगलाच, पण त्याला एक खोड जडली होती. पट्टी काढण्याआधी बाई आणि समोर बसणारे त्यांचे सहकारी पैज लावल्यासारखे सांगत, हा दारू पिणारा, हा न पिणारा. बाईंचा अंदाज सहसा खरा ठरे. खोटे कशाला बोलू, मलाही त्याचा गर्व वाटे.

त्याच सुमारास बाईंच्या वडिलांचे यकृत बिघडल्याचे कळले. घड्याळे दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला हा माणूस दारूच्या थेंबालाही शिवला नव्हता. पण यकृत बिघडले म्हणजे दारूच, असे म्हणणाऱ्या लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? त्यांच्या धाकट्या भावाने तर 'चोरून पीत असशील' म्हणत येणे-जाणे तोडले. वडिलांनी ते मनाला फार लावून घेतले.

सहकाऱ्यांनी वडिलांची काचही पट्टी लावून बाकीच्यांत मिसळली. बाईंनी ती पाहिली आणि सवयीने म्हणाल्या, "हा पिणारा. नक्की."

सहकाऱ्यांनी पट्टी काढली. वडिलांचे नाव वाचून बाईंनी ती काच पुन्हा माझ्याखाली सरकवली. मला त्यांची फार दया आली.

ही गोष्ट झाकून ठेवता आली असती. पण दुसऱ्या दिवशी बाईंनी वडिलांना हाताला धरून आणले आणि समोरच्या तोंडाशी बसवले.

"बाबा, ही तुमची काच. काल मी नाव न बघता म्हटलं, हा माणूस पितो."

वडिलांनी माझ्यावरून डोळा काढला नाही. "आणि आज काय म्हणतेस?"

"आज म्हणते, ते यात कळतच नाही. पिणाऱ्याचं आणि न पिणाऱ्याचं यकृत पुष्कळदा सारखंच दिसतं. ते माणसालाच विचारावं लागतं."

"मग विचार की."

"बाबा, तुम्ही पिता?"

"नाही गं."

"बरं," बाई म्हणाल्या. "तसंच लिहिते."

वडिलांचे डोळे भरून आले. माझे भिंग ओले झाले, पण मी तक्रार केली नाही.

त्या दिवसापासून पैजा थांबल्या. न पिणाऱ्यांची यकृते का बिघडतात, याच शोधाला बाईंनी वाहून घेतले. वडील नेमाने चालू लागले, वजन उतरवले. पुढे त्यांची दुसरी काच आली, तेव्हा निळे धागे विरळ झाले होते. बाईंनी ती मला पुन्हा पुन्हा दाखवली.

मग एके दिवशी, येणे-जाणे तोडलेले ते धाकटे काका आले. त्यांचेही यकृत सुजले होते. वडील त्यांना सोबत घेऊन आले होते. माझ्यासमोर बसता बसताच, कोणी काही विचारण्याआधी काका घाईघाईने म्हणाले, "मी पीत नाही बरं का."

वडिलांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "माहीत आहे मला," ते म्हणाले.

मित्रांनो, माझी धूळ झटकलीत तर बरे वाटेलच. पण त्याआधी एवढे करा. एखाद्याच्या आजाराबद्दल बोलायची वेळ आली, तर आधी त्यालाच विचारा आणि तो सांगेल ते खरे माना. माझ्या दोन तोंडांना जे दिसले नाही, ते त्या वडिलांच्या एका शब्दात होते.