बांधापलीकडचं पाणी

मुंजाजीनं चालू मोटरीचा खटका खाली ओढला, तशी त्याची माय बायनाबाई तणतणत आली.

"तू बंद करायलास अन् तिकडं चांगुणा सगळं पाणी ओढायलीय!"

चांगुणाबाई ही तिची धाकटी जाऊ. वाटण्यांत दोघींकडं एकेक विहीर आली, मधे बांध पडला आणि बोलणं खुंटलं. तांबडं फुटलं की दोघी चढाओढीनं मोटरी सोडायच्या, आणि दुपारी दोन्ही विहिरी तळ दाखवायच्या. एकत्र असताना लावलेली मोसंबी दोन्हीकडं सुकत चालली होती. भांडण तेवढं हिरवंगार होतं.

मुंजाजी गुजरातेत तेलविहिरींवर इंजिनिअर होता. सुट्टीत गावी, बोरीला आला आणि ही शर्यत पाहून कपाळाला हात लावून बसला.

"माय, तेल काही डोहात साठत नसतं. रांजणाच्या अंगात पाणी मुरतं ना, तसं ते दगडात मुरलेलं असतं. एका विहिरीतून पाणी खाली दाबायचं, मग लांबच्या दुसरीतून तेल वर येतं. हावरटावानी ओढलं की नुसतं पाणीच येतं, तेल दगडातच राहतं. म्हणून जरा ओढायचं, बघायचं, पाइपाचा वॉल आवळायचा, परत बघायचं."

"दगडातून तेल?" बायनाबाईनं पायाखाली पाहिलं. "अन् या विहिरीचं त्या विहिरीला कसं कळतं रे?"

"चल, दावतो."

काकूच्या हातापाया पडून त्यानं तिचीही मोटर बंद ठेवायला लावली. दोन्हीकडं पाणी चढल्यावर एकट्या मायची मोटर सोडली आणि मायला घेऊन तो बांध ओलांडून गेला. चांगुणाबाई तोंड फिरवून उभी राहिली.

बायनाबाईनं वाकून पाहिलं. इथं कुणी थेंबभर उपसत नव्हतं, तरी पाणी गुपचूप खाली सरकत होतं आणि ओला दगड उघडा पडत होता. एवढ्या काळ्या पाषाणाच्या पोटातून तिचीच ओढ इथवर पोचली होती.

"म्हंजे, मीच ओढायलेय?"

ती तशीच माघारी गेली. पाइपावरच्या वॉलचं चाक तिनं थोडं फिरवलं आणि बांधापलीकडं पाहिलं. चांगुणाबाई आता विहिरीच्या काठावर गुडघे टेकून आत बघत होती.

"अजून जरा आवळा, बाई! थांबायलंय पाणी!"

वाटण्यांनंतरची ती पहिली हाक. बायनाबाईनं चाक हवं त्याहून जास्तच आवळलं.