एकशे दहा, सत्तर

आमच्या उपकेंद्रातलं बीपीचं मशीन दिवाळीच्या आधी बंद पडलं. काटा शून्यावर जो बसला तो हललाच नाही. मी अर्ज केला. दुसरा केला. तिसऱ्याला उत्तर आलं, की नोंदीनुसार आपल्याकडे एक चालू मशीन आहे, सबब नवीन देता येणार नाही. ते चालू मशीन म्हणजे हेच. मी कपाळाला हात लावला आणि कामाला लागले.

काम म्हणजे मोबाइल. मी आरोग्यसेविका. खांदा कॉलनीतून रोज स्कूटीवर डोंगराच्या पायथ्याशी जाते. चार गावं आणि तीन कातकरी वाड्या माझ्याकडे. सकाळी उपकेंद्राच्या दारात मोबाइलला तोंड दाखवून डोळे मिचकावायचे, तेव्हा हजेरी लागते. नेटवर्क नसलं की मी दारात वेड्यासारखी डोळे मिचकावत उभी, आणि येणारे-जाणारे बघतायत. मग गरोदर बायकांचं ॲप, बाळांचं वेगळं, क्षयाचं वेगळं. तेच सगळं परत रजिस्टरात, हाताने. बीपीचा रकाना मोकळा ठेवला तर ॲपचं पुढचं पान उघडतच नाही. पान उघडलं नाही की उपकेंद्र लाल. महिन्याच्या मीटिंगला पडद्यावर लाल रंग दाखवून साठ जणींसमोर विचारतात, "रोहिणीताई, तुमच्याकडे बायका तपासत नाहीत का?" मशीनचं कुणी विचारत नाही.

म्हणून मी ११०/७० लिहायला लागले. सगळ्यांना. शेजारच्या उपकेंद्रातली प्रमिला म्हणायची, "अगं, मधूनच ११२ टाकत जा, खरं वाटतं." मला तेवढीही सवड नव्हती. आमचं उपकेंद्र मात्र हिरवं झालं.

याहून वाईट म्हणजे, मी पट्टा बांधायची. वाडीवरच्या बायका तासभर डोंगर उतरून येतात. दंडाला पट्टा बांधून फसफस केलं नाही तर आपल्याला तपासलंच नाही असं त्यांना वाटतं, आणि पुढच्या महिन्याला त्या येत नाहीत. म्हणून त्या मेलेल्या मशीनचा पट्टा मी बांधायची, फुगा दाबायची, गंभीर तोंड करून काट्याकडे बघायची आणि म्हणायची, "बरोबर आहे."

कातकरी वाडीवरच्या साळूला मी असं चार वेळा म्हटलं.

गेल्या मंगळवारी ती आली तेव्हा आठवा महिना भरत आला होता. नवरा शुक्रा वीटभट्टीवर, म्हणून एकटीच उतरली होती. चपला हातात, कारण पाय त्यात मावत नव्हते. तोंडही सुजलेलं.

"बाय, डोका लय दुखतंय," ती म्हणाली. "डोल्यांम्होरं चांदन्या दिसतान."

माझा हात सवयीने पट्ट्याकडे गेला. तिनेही सवयीने दंड पुढे केला. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी पट्टा टेबलावर आपटून बाहेर पळाले.

समोर कमळाकरशेठचा बंगला आहे. मिठागराची जमीन प्रकल्पात गेल्यावर मिळालेल्या पैशातून बांधलेला. घरात दोघं म्हातारा-म्हातारी आणि फ्रिजवर बीपीचं मशीन. सरकारकडे नाही, शेठकडे आहे! ते स्वतःच मशीन घेऊन माझ्यामागे आले. १७२/११२. परत घेतलं. तेवढंच.

आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टर सत्यजीतना फोन लावला. ते म्हणाले, "गोळी द्या आणि लगेच पनवेलला हलवा. वाट बघू नका." अँब्युलन्सवाल्यांनी पन्नास मिनिटं सांगितली.

"पन्नास मिनटां काय करशील, सिस्टर?" कमळाकरशेठ ओरडले. "पोरीला गाडीत घाल. आपली गाडी हाय ना!"

पनवेलच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर दिपिका होत्या. अठ्ठावीसच्या असतील. कालपासून घरी गेल्या नव्हत्या हे चेहऱ्यावर दिसत होतं. एका खाटेवर दोन-दोन बाया, आत कुणाचा तरी रक्तस्राव थांबत नव्हता. त्यांनी साळूचं बीपी घेतलं. गोळीने उतरून १४८/९६ झालं होतं. मग कॉम्प्युटरवर तिची नोंद उघडली.

"सिस्टर, चार महिने ११०/७०. एकदाही हललं नाही. आज अचानक कुणाच्या तरी घरच्या मशीनवर १७२?"

"मॅडम, सूज बघा. डोकं दुखतंय तिचं."

"उन्हातून उतरली, गाडीत घाबरली, वाढलं असेल. माझ्याकडे खाट नाही. बाकावर बसवा. तासाभराने बघते, तेवढंच राहिलं तर घरी न्या आणि शुक्रवारी आणा."

वाडीवर परत गेलेली बाई शुक्रवारी येत नाही. आलीच तर झोळीतून येते. मी तोंड उघडणार तेवढ्यात साळूच बोलली. मला वाचवायला बोलली.

"माजा कायम बराबर असतंय, डॉक्टरीनबाय. ही बाय दर टायमाला पट्टा बांदून बगते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे बघा, पेशंटही तेच म्हणतेय. माझ्या डोळ्यांसमोर नोकरी आली, बारावीतला मुलगा आला, मीटिंगचा तो पडदा आला. आणि माझं डोकंच फिरलं. त्या ॲपवर, अर्जाच्या त्या उत्तरावर, सगळ्यात जास्त माझ्यावर.

"ते आकडे खोटे आहेत," मी म्हटलं. "मशीन बंद आहे. चार महिने मी तिचं बीपी एकदाही मोजलेलं नाही."

कमळाकरशेठ खाली बघायला लागले. डॉक्टरांनी डोळे चोळले.

"लिहून द्याल?"

"द्या कागद."

मी लिहिलं. मोजले नाही, आकडे मनाने भरले. खाली नाव, हुद्दा, तारीख, सही. कागद वाचून त्या चिडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "इथे येणाऱ्या निम्म्या कागदांवर ११०/७० असतं, सिस्टर. मला वाटायचं, वाडीवरच्या बायका काटक असतात." मग वळून जोरात ओरडल्या, "शशिकला, खाट करा! लघवी तपासायला पाठवा, आत्ताच्या आत्ता! आणि बाळाचे ठोके बघा."

ठोके होते. लघवीत प्रोटीन निघालं, आणि रिपोर्ट हातात येताच डॉक्टरांनी झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन भरायला सांगितलं.

साळू खाटेवर आडवी झाली. मी तिच्या उशाशी उभी होते. काय झालं ते तिला सगळं कळलं नसेल, असं मी स्वतःला सांगत होते. शशिकला सिस्टर मशीन घेऊन आल्या आणि पट्टा उलगडायला लागल्या. दर वेळी साळू न सांगता दंड पुढे करायची. आज तिने हात पोटाशी धरून ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"बाय," तिने हळूच विचारलं, "यो तरी चालू हाय ना?"